आजची भाकर

पहाटे साडेचारला जाग येते. दिवा लावायच्या आधी, चूळ भरायच्याही आधी, मी अंधारातच ह्यांच्या डाव्या हातावर, मनगटाच्या जरा वर, तीन बोटं टेकवते. तिथं कातडीखाली एक थरथर असते. मांडीवर मांजर झोपलं की त्याची घुरघुर हाताला लागते ना, तशीच. डायलिसिससाठी शीर आणि धमनी जोडून केलेला हा फिस्टुला. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं की रोज सकाळी हात लावून बघायचं. थरथर लागली तर रक्त वाहतंय. नाही लागली तर आत गुठळी झालेली असू शकते, मग वाट बघत बसायचं नाही, तडक दवाखाना गाठायचा.

सहा वर्षं झाली. बोटं टेकवल्यापासून थरथर जाणवेपर्यंत मध्ये एक क्षण जातो. त्या क्षणात मी प्रार्थना करते. लांबलचक नाही, तेवढा वेळच नसतो. "प्रभू, आजचा दिवस तुझा. हे तुझे. मी तुझी." आधी हे म्हणायचं, मग थरथर शोधायची, हा क्रम मी ठरवून घेतला आहे. उलट केलं तर ते आभार होतात. आभारही मानायचेच, पण ते नंतर. काय हाताला लागणार हे कळायच्या आधी जे देवाच्या हाती दिलं जातं, त्याला मी समर्पण म्हणते.

ही तीन वाक्यं जुळायला मला बरीच वर्षं लागली. त्याआधी मला समर्पण म्हणजे वेगळंच काही वाटायचं.

माझं माहेर नगर जिल्ह्यातलं. अमेरिकन मराठी मिशनच्या कामातून उभी राहिलेली जुनी मंडळी, म्हणजे चर्चचा समाज, कौलारू चर्च, घंटेला बांधलेला दोर. बाप्तिस्मा लहानपणीच झाला होता. एकोणिसाव्या वर्षी एका मेळाव्यात वक्त्यांनी विचारलं, आपलं सर्वस्व प्रभूला द्यायला कोण पुढं येतं? मी उठून गेले. रडले, गुडघे टेकले, सर्वस्व दिलं. आजही मी त्या संध्याकाळला खोटं म्हणणार नाही. पण पुढची वीस-बावीस वर्षं ती संध्याकाळ मी पावतीसारखी जपून ठेवली. दिलं आहे ना एकदा, झालं की. उपासनेला जायचं, रविवारशाळा घ्यायची, मंडळीसाठी वर्गणी काढायची, आणि घरातली प्रत्येक गोष्ट मात्र आपल्याच मुठीत घट्ट धरून ठेवायची.

पुण्याला जाताना दौंड सोडलं की केडगाव लागतं, पंडिता रमाबाईंनी उभारलेल्या मुक्ती मिशनचं गाव. गाडी तिथून पुढं सरकते तेव्हा मला हमखास रमाबाई आठवतात. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला. नंतर १९०७ मध्ये आपल्या साक्षीत त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण ख्रिस्त सापडला नव्हता. तो सापडायला बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षं जावी लागली. संस्कृत शास्त्रं मुखोद्गत असलेली, अवघ्या पंचक्रोशीच्या टीकेला पुरून उरलेली बाई हे इतकं सरळ लिहून मोकळी होते. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पान मिटून ठेवलं होतं. माझ्या पावतीला कुणीतरी हात घातल्यासारखं झालं.

मी सोलापुरात सून म्हणून आले. ह्यांचे आजोबा जुन्या मिलमध्ये होते. १८७७ साली सुरू झालेली ती मिल बंद पडून जमाना झाला, तरी आमच्या घरात वेळ अजून भोंग्यावरच मोजली जायची. "पहिला भोंगा व्हायच्या आत भाकऱ्या व्हायच्या," असं आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, भोंगा कालच वाजल्यासारखं सांगत. हे एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर. यंत्रमाग बिघडला की त्याच्या आवाजावरनं दुखणं ओळखायचे. कुठला माग कण्हतोय हे त्यांना दारातच कळायचं. स्वतःच्या अंगातलं दुखणं मात्र फार उशिरा कळलं. रक्तदाब वाढत गेला, त्यानं मूत्रपिंडं झिजत गेली. पाय सुजायला लागले तेव्हा आम्ही उभं राहून काम केल्यानं सुजले असतील म्हणालो. रिपोर्ट हातात आला तेव्हा ते अठ्ठेचाळीस वर्षांचे होते.

मंगळवार, गुरुवार, शनिवार. दर वेळी चार तास. रविवार मोकळा राहावा म्हणून आम्ही हे वार मागून घेतले.

ज्यांच्या घरी हे नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. मूत्रपिंड बंद पडलं की पाणी शरीरातच साठतं. म्हणून पाणी मोजून प्यायचं. ह्यांना दिवसाला पाऊण लिटर. त्यात चहा आला, आमटी आली, ताक आलं, गोळ्यांबरोबरचा घोटही आला. मे महिन्यात सोलापूरचा पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसला टेकतो, रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटतं आणि घरात एक माणूस ओल्या रुमालानं ओठ पुसत बसलेला असतो. शहाळं नाही, केळं नाही, पोटॅशियम वाढतं. भाजी चिरून उकळायची आणि ते पाणी फेकून द्यायचं. शेंगाची चटणी जवळजवळ बंद. सोलापूरच्या माणसाच्या ताटातनं शेंगाची चटणी काढून घेणं म्हणजे काय, ते सोलापूरकरालाच कळेल. डायलिसिसच्या आधी वजन, नंतर वजन. दोन वाऱ्यांच्या मध्ये किती पाणी साठलं ते काटा सांगतो.

आणि ह्याच गावात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. आमच्याकडं बहुतेकदा रात्री. उजनी धरण भरलेलं असलं तरीही. घरातली पिंपं, हंडे, टाकी, अगदी पातेलीसुद्धा आम्ही भरून ठेवतो. घरभर पाणी साठवायचं आणि त्याच घरातल्या एका माणसाला ते मोजून द्यायचं. पहिल्या वर्षी हे बघून मला वेड लागायची पाळी आली होती.

त्या पहिल्या वर्षी मी देवाशी एक व्यवहार मांडला. माझी एक किडनी ह्यांना द्यायची. रक्तगट जुळत होता. बायकोला कायद्यानं जवळची नातेवाईकच धरतात, १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात पती-पत्नी येतात, तेव्हा कागदपत्रांची फार अडचण नव्हती. मी आतनं अगदी पेटले होते. बायबलातल्या रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायात प्रेषित पौल म्हणतो, आपली शरीरं देवाला जिवंत यज्ञ म्हणून समर्पण करा. मला वाटलं, आता ह्या वचनाचा अर्थ लागला. एकोणिसाव्या वर्षी तोंडानं दिलं होतं, आता देहानं देईन. रात्री पडल्या पडल्या मी डाव्या कुशीवर हात ठेवून म्हणायचे, हे घे. खरं सांगते, त्या दिवसांत मी खूप आनंदात होते.

तपासण्या झाल्या आणि माझी साखर निघाली. मला मधुमेह आहे हे मला त्या दिवशी कळलं. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "ताई, तुमची किडनी घेता येणार नाही. तुम्हीच आता स्वतःची काळजी घ्या." सातरस्त्यावरनं घरी येईपर्यंत मी रिक्षात एक शब्द बोलले नाही. देवानं माझं अर्पण परत केलं होतं. बायबलात काइनाचं अर्पण नाकारलं, तसं. मनात तोच शब्द आला, आणि तो मी कुणालाच सांगितला नाही.

त्या संध्याकाळी आत्याबाई स्वयंपाकघरात कडक भाकरी करत बसल्या होत्या. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, कडक भाकरी म्हणजे शिळी होऊन वाळलेली भाकरी नव्हे. ज्वारीचं पीठ, आमच्याकडं मंगळवेढ्याची मालदांडी, गरम पाण्यात चांगलं मळून मळून, कागदासारखी पातळ थापायची. तव्यावर भाजून झाली की मंद आचेवर ठेवून तिच्यातला पाण्याचा अंश न् अंश काढून टाकायचा. मग ती पापडासारखी मोडते आणि महिनोन्‌महिने टिकते. प्रवासाला, दुष्काळाला, मुलगा परगावी शिकायला निघाला की त्याच्या पेटीत. पाण्याचा टिपूस राहिला तर बुरशी धरते, म्हणून आत्याबाई एकेक भाकरी कानाजवळ नेऊन बोटानं टिचकी मारून बघायच्या. कोरडी टणक वाजली तरच डब्यात.

मी दाराच्या चौकटीला टेकून उभी होते. त्यांनी विचारलं, काय म्हणाले डॉक्टर. मी सांगितलं. त्यांचं लेकरू होतं ते, माझा नवरा होण्याच्याही आधी. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. हातातली भाकरी त्यांनी वाजवून बघितली, डब्यात ठेवली आणि म्हणाल्या, "एकदाच देऊन मोकळं व्हायचं होतं गं तुला."

बस, एवढंच. पुढं काही नाही. भाकऱ्या करत राहिल्या.

मला राग आला. आपला पोटचा एक भाग द्यायला निघालेल्या बाईला असं बोलायचं? पण ते वाक्य काही केल्या जाईना. माझं मलाच हळूहळू कळलं की खरं तेच होतं. ऑपरेशन टेबलावर एक दिवस झोपून मला सगळं संपवायचं होतं. त्यानंतर मंगळवार नको, गुरुवार नको, उकळून पाणी फेकणं नको, ओले रुमाल नकोत. मोठं काहीतरी एकदाच द्यायचं आणि रोजचं छोटं देणं चुकवायचं. ह्यांना जीवदान मिळालं असतं, हेही तितकंच खरं. तो नकार चांगलाच झाला असं मी आजही म्हणत नाही. ज्यांना असा दाता मिळाला त्यांच्या घरी जाऊन मी देवाची स्तुती केली आहे. पण माझ्याकडनं जे मागितलं गेलं ते वेगळं होतं, आणि ते रोज मागितलं जात होतं.

तेव्हापासून मी प्रभूची प्रार्थना नव्यानं म्हणायला शिकले. "आमची रोजची भाकर आज आम्हांला दे." मराठी बायबलात ती भाकर आहे ह्याचा मला मनापासून आनंद होतो. थापायला हात लागतात, भाजायला आच लागते, आणि सकाळची रात्रीला तितकी मऊ राहत नाही. पाळकसाहेबांनी एकदा अभ्यासवर्गात सांगितलं की मूळ ग्रीकमध्ये "रोजची" ह्या जागी जो शब्द आहे तो इतरत्र जवळपास सापडतच नाही. तिसऱ्या शतकातल्या ओरिगेन ह्या ख्रिस्ती अभ्यासकालासुद्धा तो शुभवर्तमानकारांनीच घडवलेला वाटला होता. आजच्यापुरती की येत्या दिवसाची, ह्यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. मला दोन्ही अर्थ चालतात. आठवड्याची असा अर्थ कुणीच लावत नाही, एवढं मला पुरतं.

इस्राएल लोकांना अरण्यात देवाकडून रोज मान्ना मिळायचा, त्यांचं रोजचं अन्न, तोही असाच. निर्गमच्या सोळाव्या अध्यायात लोकांना सांगितलं आहे की आजचा आज गोळा करा, उद्यासाठी ठेवू नका. काहींनी ठेवलाच. सकाळी त्यात किडे पडले होते आणि घाण सुटली होती. फक्त शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या वाराच्या, आदल्या दिवशी दुप्पट. हा अध्याय मी रविवारशाळेत किती वेळा शिकवला असेन! पण ठेवणाऱ्यांबद्दल मी नेहमी अधाशी, अविश्वासू असंच शिकवत आले. आता वाटतं, ते बिचारे माझ्यासारखे होते. चार-पाच दिवसांनी नळाला पाणी येणाऱ्या गावातले. साठवणं हे आमच्या अंगवळणी पडलेलं. ज्याच्या घरात लेकरं आहेत आणि बाहेर वाळवंट आहे त्याला उद्याचं ठेवू नको म्हणणं किती अवघड आहे, हे मुलांना सांगायचं राहूनच गेलं.

आणि दुसरी एक गोष्ट, जी मला कुणी शिकवली नव्हती. गेथशेमाने बागेत प्रभूनं प्रार्थना केली, माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे. मत्तयानं आपल्या शुभवर्तमानात पुढं लिहिलं आहे की त्यानं पुन्हा जाऊन तेच शब्द बोलून तिसऱ्यांदा प्रार्थना केली. तीनदा! एकाच रात्रीत, एकाच बागेत, तेच शब्द. देवाच्या पुत्रालाही एकदा म्हणून भागलं नाही. पहिल्यांदा हे नीट लक्षात आलं तेव्हा मी डायलिसिस सेंटरच्या बाहेरच्या बाकावर बसले होते, आणि मला इतकं हलकं वाटलं की शेजारच्या बाईंनी विचारलं, काय चांगली बातमी आली का.

कारण मी तर रोज देते आणि रोज परत घेते. पहाटे साडेचारला म्हणते, हे तुझे. दहा वाजता सेंटरवर मशीनचा आकडा जरा वरखाली झाला की मी टेक्निशियनच्या डोक्यावर उभी. लेक पुण्याला नोकरीला आहे. रात्री तिला प्रभूच्या हाती सोपवते आणि सकाळी सातला तिला तीन फोन झालेले असतात. आधी मला वाटायचं, म्हणजे माझं देणंच खोटं. आता वाटतं, मूठ झोपेत आपोआप मिटते. सकाळी ती पुन्हा उघडायची. लूकच्या नवव्या अध्यायात वधस्तंभ उचलून घेण्याच्या वचनात "दररोज" हा शब्द आहे. मत्तय आणि मार्क ह्यांनी तेच वचन दिलं आहे, पण हा शब्द एकट्या लूकनं ठेवला. त्याचे मी फार आभार मानते.

आमच्या गल्लीतला एक मुलगा सिद्धेश्वरांच्या यात्रेत नंदीध्वज धरतो. गड्ड्याची यात्रा संक्रांतीला, पण त्यांचा सराव कितीतरी आधी सुरू होतो. एवढा उंच, जड ध्वज अंगावर उभा तोलत चालायचं. मी त्याला एकदा विचारलं, तुला येतंय की रे आता, मग रोज कशाला? तो म्हणाला, "मावशी, काल तोललेला आज तोलत नाही." त्याचा देव वेगळा, माझा वेगळा, पण ह्या उत्तरासाठी मी त्याला घरात बोलावून चहा दिला.

शरण जाणं म्हणजे हातपाय गाळून बसणं, असं समजणारे लोक आमच्या मंडळीतही आहेत. एका भगिनीनं ह्यांना गोळ्या सोडायचा सल्ला दिला होता, विश्वास असेल तर कशाला लागतात म्हणून. मी त्यांना प्रेमानंच, पण स्पष्ट सांगितलं की ताई, पुन्हा असं कुणाच्या घरी बोलू नका. रात्री दोनला नळ येतो तेव्हा मी उठते. पाणी देवानं दिलं, उजनीनं दिलं, पण नळाखाली हंडा मलाच लावायचा असतो. शासनाच्या योजनेचे कागद मीच फायलीत लावले, रांगेत मीच उभी राहिले. रांगेत उभं राहणं माझ्याकडं आहे. खिडकीपलीकडं काय ठरतं ते माझ्याकडं नाही. ह्या दोन्हींमधली रेघ मला रोज नव्यानं ओढावी लागते, कारण रात्रीतनं ती पुसली जाते.

एक दिवस मात्र मला विसरता येत नाही. पावसाळ्यातला गुरुवार. सेंटरवर गेलो तर मशीन बंद. आधी कुणी फोन केला नव्हता. दुपारी होईल म्हणाले, मग संध्याकाळी. ह्यांना धाप लागायला लागली होती. मी तिथल्या पोरसवदा टेक्निशियनला असं काही बोलले की तो रडायलाच आला. रात्री साडेनऊला नंबर लागला, सगळं नीट पार पडलं. दुसऱ्या दिवशी पहाटे मी बोटं टेकवली आणि नेहमीची तीन वाक्यं म्हणायला गेले, तर "मी तुझी" पाशी अडकले. जीभ पुढं जाईना. कालची जीभ कुणाची होती? शनिवारी मी त्याच्यासाठी डब्यात गुळाच्या पोळ्या नेल्या आणि सगळ्यांसमोर माफी मागितली. तो लाजून म्हणाला, "असू दे काकू, रोज कुणीतरी ओरडतंय." त्याच्या त्या "रोज" नं मला जास्त लागलं. तेव्हापासून माझ्या पहाटेच्या प्रार्थनेत ह्यांच्याबरोबर त्याचंही नाव असतं.

पण मग कडक भाकरीचं काय? हा प्रश्न मला फार दिवस सतावत होता. रोजची भाकर रोज, हे बरोबर. पण ज्या दिवशी पीठच नसतं त्या दिवसाचं काय? असे दिवस येतात. गेल्या वर्षी ह्यांच्या फिस्टुलात खरोखरच गुठळी झाली. दुसऱ्यांदा ऑपरेशन, मानेत नळी, ताप. अकरा दिवस माझ्या तोंडून स्वतःचा एक शब्द निघाला नाही. देवावर रुसले होते असंही नाही. आत काही नव्हतंच.

त्या अकरा दिवसांत मला आत्याबाईंनी जगवलं. त्या तेव्हा देवाघरी जाऊन तीन वर्षं झाली होती. शेवटच्या महिन्यांत त्यांना आमची नावं आठवत नव्हती. मला त्या कधी "बाई" म्हणायच्या, कधी त्यांच्या मेलेल्या बहिणीच्या नावानं हाक मारायच्या. पण कुणी नुसतं "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे" म्हटलं की त्या पुढं घ्यायच्या, "मला काही उणे पडणार नाही," आणि तेविसावं स्तोत्र शेवटपर्यंत, एकही शब्द न गाळता. त्यामागोमाग 'उपासना संगीत' ह्या आमच्या गीतांच्या पुस्तकातली नारायण वामन टिळकांची पदं. टिळक १९१९ मध्ये गेले. आत्याबाईंच्या आईनं ती पदं कीर्तनात ऐकून पाठ केलेली, आईकडनं आत्याबाईंकडं आलेली. लहानपणी पाठ करून, घोटून, वाळवून ठेवलेलं ते सगळं होतं. पाण्याचा टिपूस न राहिलेलं, म्हणून टिकलेलं.

वॉर्डाच्या बाहेर बसून मी तेच म्हणत राहिले. माझं असं काही नव्हतं, त्यांचं म्हटलं. आणि तेव्हा आठवलं की त्याच सोळाव्या अध्यायात शेवटी देवानं मोशेला सांगितलं आहे, एक ओमरभर, म्हणजे एक मापभर, मान्ना भांड्यात भरून पुढच्या पिढ्यांसाठी ठेव. तो नासला नाही. जो मान्ना एका रात्रीत किडतो, तोच आठवण म्हणून ठेवला तर पिढ्यान्‌पिढ्या राहतो. रविवारशाळेत हे मी घाईघाईनं संपवायचे, घंटा व्हायची वेळ झालेली असायची.

कडक भाकरी तशीच खाल्ली तर हिरड्या सोलतात. ती आमटीत नाहीतर ताकात कुस्करायची, थोडी भिजू द्यायची. पाठ केलेलं स्तोत्रही मला तसंच वाटतं. पहिले दोन दिवस ते नुसतं टोचत होतं. "मला काही उणे पडणार नाही" म्हणताना राग यायचा, कारण उणं तर डोळ्यांसमोर पडलं होतं. तिसऱ्या दिवशी कधीतरी त्यावर माझंच डोळ्यांतलं पाणी पडलं आणि ते मऊ झालं. मग गिळता आलं.

ह्यांच्याबद्दल मी फार कमी लिहिलं. त्यांना आवडतही नाही. जॉबरचा माणूस, हातानं जगलेला, आता घरी बसतो. एकदा जुन्या वर्षाच्या रात्रीच्या उपासनेत पाळकसाहेबांनी जॉन वेस्लीच्या कराराच्या उपासनेतली प्रार्थना वाचली. १७५५ पासून मेथडिस्ट ह्या ख्रिस्ती पंथाचे लोक ती उपासना करत आले आहेत. त्यात एक ओळ अशी आहे की मला तुझ्या कामाला लाव, नाहीतर तुझ्यासाठी बाजूला ठेव. घरी येताना हे म्हणाले, "बाजूला ठेवलेल्याचंही नाव घेतलंय की गं त्यात." कारखान्यात जास्तीचे धोटे फळीवर ठेवलेले असतात, म्हणाले, ते काही टाकलेले नसतात. मग पूर्ण विजापूर रोडभर ते धोट्यांबद्दल बोलत राहिले. कित्येक महिन्यांनी ते इतकं बोलत होते, म्हणून मी मध्ये काही बोलले नाही.

त्यांचं समर्पण माझ्यापेक्षा निराळं आहे. ते मोठ्यानं प्रार्थना करत नाहीत. त्यांच्याकडं एक वही आहे. रोज पोटात गेलेलं पाणी ते त्यात लिहितात. डॉक्टरांनी सांगितलं होतं एक-दोन महिने लिहा, त्यांनी सोडलंच नाही. सुबक आकडे, मागाच्या हिशोबासारखे. मी ती वही कधी वाचत नाही, ती त्यांची खासगी गोष्ट आहे असं मानते.

ह्या महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन होतं, भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा चर्चमधला विधी. आमच्याकडं लहान लहान काचेचे प्याले असतात, अंगठ्याएवढे. घरी आल्यावर मी भाकऱ्या थापायला बसले. हे कॉटवर टेकून वही लिहीत होते. पीठ संपलं म्हणून डबा घ्यायला आत गेले तेव्हा वही उघडीच होती आणि त्यांचा डोळा लागला होता. न ठरवता नजर गेली.

सकाळचा चहा ८०. गोळ्या ४०. प्रभूचा प्याला १०.

त्याखाली रेघ मारलेली होती आणि बेरीज करायची राहिली होती. मी वही तशीच ठेवली, डबा घेतला. तवा तापला होता.